सुचित्राचा जपान-चीनचा तास

सुचित्रा माझ्यासारखी भांडकुदळ नाही. मी नाशिकची, माझा आवाज आधी पोहोचतो आणि मी मागून. ती देवरुखची, वर्गात हळू बोलते आणि तरी पोरं गप्प बसून ऐकतात. सात वर्षं मला याचा हेवा वाटत आलाय. इथं आखातात, अल वक्र्यातल्या आमच्या शाळेत ती इतिहास शिकवते, मी अर्थशास्त्र. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून तिचा आणि लेकीचा, ईश्वरीचा, व्हिसा शाळेच्या नोकरीवर आहे. नोकरी गेली की दोघींनी सामान बांधायचं. आणि ईश्वरी नववीत! दहावी तोंडावर आलेली.

या जानेवारीत तिच्या काँट्रॅक्टची वेळ आली. नवीन नियम काय, तर एक तास घेऊन दाखवायचा. मागे को-ऑर्डिनेटर राहिल सर आणि एक सहकारी बसणार, दहापैकी मार्क देणार. पाचाच्या खाली गेलं तर काँट्रॅक्ट नाही. सहकारी म्हणून माझं नाव लागलं.

विषय अकरावीचा: एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्यांच्या तोफा-बंदुका जपाननं भराभर आपल्याशा केल्या, चीनला ते का जमलं नाही. शाळेच्या तयार बारा स्लाइड होत्या. "बाराच्या बारा पूरी होनी चाहिए," सरांनी बजावलं होतं.

तिसऱ्या स्लाइडवर लिहिलेलं, ‘जपान : नवं स्वीकारणारा. चीन : गर्विष्ठ.’ यशोधन नावाच्या आगाऊ पोरानं हात वर केला. तास इंग्रजीत होता, मी आपल्या भाषेत सांगते. "मिस, म्हणजे चिनी लोक मूर्खच होते ना?"

वर्ग खिदळला. मी मनात म्हटलं, सुचे, हो म्हण आणि पुढची स्लाइड लाव.

तिनं प्रोजेक्टर बंद केला.

"तोफेची दारू शोधली कुणी? चीननं. इंग्रजांकडून हरल्यावर त्यांनी कारखाने काढले, गोद्या बांधल्या, जर्मनीहून युद्धनौका आणल्या. मूर्ख माणसं हे करतील?" मग तिनं विचारलं, "तुमच्या अख्ख्या अकरावीतला सगळ्यात हुशार कशाची तयारी करतोय?"

"जेईई!"

"आणि एसी दुरुस्त करायला कोण शिकणार?"

एक हात वर येईल तर शपथ.

"चीनमध्ये शेकडो वर्षं मान कुणाला, तर जुने ग्रंथ पाठ करून परीक्षा पास होणाऱ्याला. कारभारही त्याच्याच हातात. तोफ ओतायला शिकलं, तर त्या परीक्षेत एक मार्क मिळत नव्हता. मग कुठली आई हुशार मुलाला तिकडे पाठवील? जपानात राज्य करणारेच कमरेला तलवार लावून फिरायचे. परक्या जहाजांनी किनाऱ्यावर गोळे टाकले, तेव्हा अब्रू त्यांचीच गेली. म्हणून शिकायला तेच धावले. शेजारच्या सरदाराच्या आधी आपण शिकावं म्हणून धडपडले. एवढंच कारण होतं असं नाही हं. अभ्यासक यावर अजून भांडतात."

यशोधनची मस्ती उतरली होती. "पण मिस, चीनमध्ये कुणीच बोललं नाही?"

"काही जण बोलले. बाकीच्यांना आपापलं पद सांभाळायचं होतं."

इकडे राहिल सर घड्याळ बघत होते. आठ मिनिटं उरली होती आणि नऊ स्लाइड. मी खुर्चीत बसून तिला डोळ्यांनी खुणावत होते. पोरं एकामागून एक प्रश्न विचारत होती आणि ही बाई प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत होती. अशी चिडले मी! घंटा झाली तेव्हा प्रोजेक्टर बंदच होता.

केबिनमध्ये सरांनी दोन मार्क लिहिले. मी पेन्सिलनं आठ लिहिले होते.

"मॅडम, दोनों के मार्क्स मिलने चाहिए," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ. "नहीं तो आपका भी ऑब्झर्वेशन रखना पडेगा. आपका रिन्युअल जून में है ना?"

आमच्या घरी नवऱ्याचा, गजेंद्रचा, प्रोजेक्ट नोव्हेंबरातच बंद पडला होता. घर माझ्या पगारावर चाललं होतं. चारचौघांत तोंड सुटणारी मी, तिथं शेपूट घातली. आठ खोडले, दोन लिहिले आणि सही केली.

बाहेर सुचित्रा उभी होती. तिनं माझा हात धरला. "विभा, मागे तू होतीस म्हणून धीर आला गो. नाहीतर मी कसला प्रोजेक्टर बंद करत्ये!"

मी तशीच उलटी फिरले. "सर, फॉर्म परत द्या."

"खलास मॅडम. मेल गया."

शरमेनं मान वर होईना. पण दुसऱ्या कुणाकडून तिला कळण्यापेक्षा मीच सांगावं, म्हणून तिथंच, पॅसेजमध्ये सांगितलं.

"किती दिलेस?"

"दोन."

"पाचापैकी?"

"दहापैकी. आधी आठ लिहिले होते गं. सर माझ्या रिन्युअलवर आले, मग खोडले."

समोरून पोरं दंगा करत गेली, तिला ‘थँक्यू मिस’ म्हणत गेली. "तुझ्या जागी मी असते तर..." एवढं बोलून ती थांबली. ‘मीही तेच केलं असतं,’ असं ती म्हणेल आता, मला वाटलं. तेवढं ऐकायला मी जीव टाकला असता.

"नाही गो विभा," ती म्हणाली, "मी नसते खोडले."