डोंगराचा पाय

अनुसयाअक्का उतारावर चढताना चपला काढून ठेवायच्या. भक्तीबिक्ती काही नाही. माती कुठं मऊ पडली ते तळव्याला कळतं म्हणून. मलकापूरच्या पुढं घाटरस्त्यावर त्या मैलकुली होत्या. गटारं उपसायची, घरंगळलेले दगड हटवायचे, हे काम. मी शहरातल्या मंगळवार पेठेतला, नुकती पदविका घेऊन नव्वदीच्या दशकात तिथं ओव्हरसियर म्हणून रुजू झालेला. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "जय भीम, सायेब. डोंगूर चालतोय ते बघायचं हाय?"

दोन वर्षांपूर्वी त्यांनी उतारावर दोरी धरून एका रेषेत सळ्या ठोकल्या होत्या. मधल्या सळ्या वीतभर खाली सरकलेल्या. झाडांची खोडंही बुडाशी वाकडी. "माती पावसात फुगती, उन्हाळ्यात बसती. दर खेपंला उलशीक खाली येती. डोंगराचा पाय हाय म्हणून थांबलीया."

पुढच्या वर्षी रस्ता रुंद करायला नेमका तो पायच तोडायचं ठरलं. अक्का थेट मोठ्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेब हसले, "डिझाइन तुम्ही करणार का?"

"तुमीच करा की. पण रस्त्याखाली आमची वस्ती हाय." मग माझ्याकडं वळल्या. "तुमी सळ्या बघितल्यासा. सांगा की ह्यास्नी!"

मी मान खाली घातली.

खोदकाम वस्तीच्या वर आलं त्या सकाळी अक्का यंत्रासमोर बसल्या. दुपारपर्यंत सगळी वस्ती येऊन बसली. साहेबांनी माफीनामा पुढं केला. "सही येती मला," अक्का म्हणाल्या, "पर ह्याच्यावर न्हाय करायची." अक्कांची बदली झाली, पण काम तिथंच थांबलं. त्या पावसाळ्यात तोडलेली बाजू झाडांसकट रस्त्यावर आली. वस्तीवरची बाजू जागची हलली नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी अक्का निवृत्त झाल्या. निरोपाला तेच साहेब आले होते, थकलेले. म्हणाले, "अक्का, तेव्हा तुमच्या सेवापुस्तकात मी 'उद्धट' असा शेरा लिहिला. तो काढून टाकायला सांगतो."

"हात लावायचा न्हाय त्याला!" अक्का कडाडल्या. "माझ्या नातींस्नी दाखवायचाय त्यो."

माझ्या सेवापुस्तकात वाईट शेरा एकही नाही. त्याची मला अजून लाज वाटते.