कानात सांगायची तीन नावं

सेलाचा देवावर विश्वास नव्हता, पण तोंडात मात्र देवाचं अख्खं घर होतं. तव्यावरची तांदळाची गोड बिबिंगका करपली, कोंबडी माजघरात शिरली, भाचीला दिवस गेल्याचं कळलं, सगळ्याला तिचा एकच उद्गार: "सुसमारिओसेप!" हेसुस, मारिया आणि होसेप, म्हणजे देवबाळ आणि त्याचे आईबाप, तिघांची एका दमात बांधलेली मोळी. किनाऱ्यावरच्या त्या गावात आता तरुण पोरी असं बोलत नसत. सेलाच्या आईच्या काळची ती बोली.

शेजारच्या बिनिंगला हे अजिबात खपत नसे.

"मानत नाहीस, तर नावं कशाला घेतेस गं?"

"मी कुठे घेते? तीच निघतात. तुझ्या देवाला सांग, माझ्या तोंडातला मुक्काम हलव म्हणून."

बिनिंगला राग यायचं कारणही होतं. गावात कोणी शेवटच्या घटका मोजायला लागलं की तिला बोलावणं यायचं. ती उशाशी बसून माणसाच्या कानात हीच तीन नावं सावकाश सांगत राहायची, श्वास थांबेपर्यंत. नावं कानात असली की जाणारा वाट चुकत नाही, अशी तिथली श्रद्धा. अर्धं गाव बिनिंगनंच असं वाटेला लावलं होतं.

सेलाचा एकुलता एक नेस्तोर मासेमारीला गेला आणि वादळात सापडला, तेव्हा बिनिंगनं नऊ दिवस प्रार्थना चालवली. नेस्तोर बाप्तिस्म्याच्या नात्यानं तिचा धर्मपुत्र होता. नवव्या दिवशी होडी आली, रिकामी. तेव्हापासून सेला चर्चची पायरी चढली नाही आणि बिनिंगलाही तिनं सुखानं प्रार्थना करू दिली नाही. रोज दुपारी शेंगा सोलता सोलता तोच वाद.

"वर कोणी नाही, बिनिंग. असतं, तर माझं पोर हाका मारत होतं ते ऐकू आलं असतं."

"आहे गं. उशीर लावतो, पण आहे."

बिनिंग कधी हरायची नाही. एकदा तरी हिचं तोंड बंद व्हावं, असं सेलाला मनापासून वाटायचं.

यंदा बिनिंगच्या छातीत पाणी झालं. पडल्या पडल्या तिला एकच घोर लागला. "सगळ्यांना मी सांगितलं. माझ्या कानात कोण सांगणार?"

"माझ्याकडे बघू नकोस. मी खोटं बोलणार नाही."

"करपलेल्या बिबिंगकेला सांगतेस, मला नाही सांगणार?"

सेलाला हसू आलं. "सांगेन बाई, सांगेन."

मग एका दुपारी बिनिंगला घरघर लागली. सून पाद्रीबाबांना आणायला धावली, आणि घरात सेला एकटी राहिली. दिलेला शब्द होता. ती वाकली आणि एकेक नाव सुटं करून बोलली, "हेसुस. मारिया. होसेप."

बिनिंगनं डोळे उघडले. त्यांत भीती होती.

"राहू दे, सेला," ती कशीबशी म्हणाली. "पलीकडे कोणी नाही. तू म्हणायचीस तेच खरं."

इतकी वर्षं जो वाद जिंकायचा होता, तो ती जिंकली होती. असा जिंकायचा नव्हता तिला.

"गप गं. माझं काय ऐकतेस? मला काय कळतंय त्यातलं? आहे तो. उशीर लावतो, तूच सांगायचीस ना? नेस्तोर न्यायला आलाय तुला."

"तू मानतेस?"

"मानते."

बिनिंगनं तिच्याकडे नीट पाहिलं. सेला खोटं बोलली की तिला नेहमीच कळायचं. मग तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. थोड्या वेळानं घरघर थांबली.

सून पाद्रीबाबांना आणि शेजारणींना घेऊन आत आली, तेव्हा सेला पाठमोऱ्या बिनिंगच्या कानाशी वाकून रागारागानं बोलत होती. "आहे म्हणते ना मी. एकदा तरी ऐक की माझं."