नळाचं घड्याळ आणि कंडक्टरबाई

नळाच्या घड्याळाची खुंटी मी उलटी फिरवली आणि आतून ‘कट्’ असा आवाज आला. यंत्राच्या पोटातून असा आवाज आला की शहाण्या माणसाने हात मागे घ्यावा. मी आणखी जोर लावला. मग खुंटी गरगर फिरू लागली, कुठेही अडेना, तेव्हा ‘झालं सुरळीत’ असं स्वतःलाच सांगून मी कामाला निघून गेलो.

हे घड्याळ म्हणजे नळाला बसवायचा एक गोल डबा. चावी दिली की पाणी सुरू, काटा शून्यावर आला की पाणी आपोआप बंद. संध्याकाळी परत येऊन बघतो तर इमारतीमागच्या आमच्या भाजीच्या बागेचा तलाव झालेला. पालक पोहत होता. टोमॅटोच्या काठ्या एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून उभ्या होत्या. आणि या सगळ्याच्या मधोमध, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, कमरेवर हात ठेवून कंडक्टरबाई.

“भरली का रे गाडी?” त्यांनी विचारलं. “की अजून दोघंचौघं चढवायचेत?”

बाईंनी जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली. नोकरी संपली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. त्या जिन्यात नुसत्या शिंकल्या तरी माणसं आपोआप भिंतीला चिकटून पुढे सरकतात. इमारतीमागे जुन्या दारांचा, फुटक्या बेसिनांचा आणि कोणाच्यातरी अर्ध्या सायकलीचा ढीग होता. बाईंनी एकेकाला घरातून ओढून आणून तो उपसला, माती भुसभुशीत केली आणि वाफे पाडले. त्या वाफ्यांना त्या ‘सीट’ म्हणतात. तिकिटांची जुनी चामडी बॅग आता बियांची झाली आहे. सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात मुळ्याचं बी, तिकिटांच्या कप्प्यात पालकाचं. रोपं दाट उगवली की बाई वाफ्यावर वाकून ओरडतात, “पुढे सरका, पुढे सरका! दारात गर्दी नको!” आणि खोटं कशाला सांगू, गाजरं सरकल्यासारखी वाटतात.

भाजी वाटायची त्यांची पद्धतही त्यांच्याच डोक्यातून निघालेली. सकाळी इमारतीतल्या प्रत्येक दाराच्या कडीला एक पिशवी. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. खालच्या मजल्यावरचे वकील एकदा म्हणाले, “बाई, माझं देवाच्या दयेनं बरं चाललंय. मला कशाला? ज्याला गरज आहे त्याला द्या ना.”

“तुम्हाला कोण देतंय?” बाई म्हणाल्या. “तुमच्या दाराला पिशवी नसली तर ज्याच्या दाराला आहे तो सगळ्यांना दिसेल. तुम्ही आपले गप्प लटकवून घ्या.”

वकिलांनी गप्प लटकवून घेतली. त्यांच्या आयुष्यातला तो बहुधा एकमेव खटला, ज्यात त्यांनी पुढची तारीख मागितली नाही.

गरज कोणाला आहे हे बाईंना न सांगता कळतं. त्याचं गुपित त्यांनी मला एकदा वाफा खुरपता खुरपता सांगितलं होतं. “तिकिटाला पैसे नसलेला माणूस खिडकीबाहेर फार रस घेऊन बघतो. बाहेर नुसती भिंत असली तरी.”

तिसऱ्या मजल्यावरचे घड्याळवाले काका असेच बघायला लागले होते. लोक वेळ फोनमध्ये पाहू लागले आणि त्यांचं दुकान बंद पडलं. त्यात काकूंचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ‘ताजं, हिरवं भरपूर द्या’ म्हणून सांगितलं होतं, पण काकू काही पलंगावरून उठेनात. गल्लीत भाजीची गाडी आली की काका जिन्यातल्या विजेच्या मीटरकडे टक लावून उभे राहत. मीटरमध्ये बघण्यासारखं काय असतं? बाईंनी ओळखलं आणि काकांच्या पिशवीत मूठभर पालक जास्त घातला.

तिथेच घोटाळा झाला. काका पिशवी घेऊन खाली आले.

“ही चुकून आली.”

“सगळ्यांनाच दिलीय,” बाई म्हणाल्या.

“दिलीय. पण ही जड आहे.”

“तोलून बघितलीत की काय?”

“केसाएवढे स्क्रू बोटांनी ओळखत आलोय, बाई. मूठभर पालक कळणार नाही होय?”

त्या दिवसापासून काकांच्या दाराची पिशवी, मग ती जड असो की हलकी, दुपारपर्यंत बाईंच्या दाराला येऊन लटकायची. बाईंनी जन्मभर हजारो माणसं सांभाळली, पण या एका माणसापुढे त्यांची मात्रा चालेना. “खाली हिरवंगार उगवतंय,” त्या म्हणायच्या, “आणि वर ती माउली भात-मीठ खाऊन भिंतीकडे तोंड करून पडलीय. मग ही बाग काय मी फोटो काढायला लावलीय?”

तर अशा काळात मी खुंटी उलटी फिरवली.

चिखलातून बाई माझ्याकडे आल्या. मी मान खाली घालून तयारीत उभा. बाईंनी नळाचं घड्याळ काढलं, कानाशी धरून हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. आणि पहिल्यांदा खुळखुळा ऐकणाऱ्या बाळासारखा बाईंचा चेहरा उजळला.

“पार मोडलंस का?”

“बहुतेक पार.”

“शाब्बास!”

मी आजवर पुष्कळ वस्तू मोडल्या आहेत, पण शाबासकी मिळण्याची ती पहिलीच वेळ.

चिखलाचे पाय घेऊन बाई तीन मजले चढल्या, मी मागोमाग. काकांनी दार उघडलं. आत एकच खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीशी छोटं टेबल, त्यावर बारीक चिमटे ओळीनं मांडलेले, गिऱ्हाईक आत्ता येणार असल्यासारखे. मधल्या पडद्याआड काकूंचा पलंग. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, डबा उघडला आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या पाठीचा कणा सरळ झाला.

“कुठल्या गाढवानं हे उलटं फिरवलं?”

मी खिडकीबाहेर फार रस घेऊन बघू लागलो. बाहेर भिंत होती.

काकांनी पितळेचा एक तुकडा कानशीने घासला, स्प्रिंग ताणून बसवली, तेलाचा थेंब सोडला. डबा टिकटिक करू लागला. बाईंनी बॅगेची चेन उघडली. “किती झाले? पैसे नाहीत आमच्याकडे, भाजीत फेडू.”

“एवढ्याशा कामाचं काय घ्यायचं!” काका म्हणाले. “न्या तसंच.”

बाईंचा चेहरा पडला. सगळा डाव एका वाक्यात उधळला. त्यांनी घड्याळ उचललं, दारापर्यंत गेल्या, आणि तिथून वळून ते पुन्हा टेबलावर आपटलं.

“मग परत मोडा.”

“काय?”

“होतं तसं मोडून द्या. माझ्या गाडीत फुकट कोणी बसलं नाही आणि मीही कोणाच्या गाडीत फुकट बसत नाही. मोडा!”

“बाई, चालतं घड्याळ कोणी मोडतं का?”

“हा मोडतो,” बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “त्याला जमतं, तुम्हाला न जमायला काय झालं?”

आता आवाज असा चढला होता, की खालचे-वरचे सगळे शेजारी जिन्यात येऊन, आपण सहजच उभे आहोत असं दाखवत होते. काकांनी रागारागानं स्क्रू ड्रायव्हर उचलला. डबा डाव्या हातात धरला. टिकटिक टिकटिक. स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्प्रिंगपाशी नेलं. आणि तिथेच त्यांचा हात थांबला. ज्या हातानं जन्मभर बंद पडलेलं चालू केलं, त्याला चालू असलेलं बंद करता येईना.

एवढ्यात पडद्याआडून, कित्येक आठवड्यांत कोणी ऐकला नव्हता असा आवाज आला. “अहो, कसले हट्टी आहात! घ्या की मजुरी! पालक घ्या. आणि तो भोपळा नको म्हणावं, मला नाही आवडत.”

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. भिंग काढून उगाच पुसत राहिले. मग म्हणाले, “किती पालक?”

“तुम्ही ठरवा,” बाई म्हणाल्या. “बोटं तुमची.”

जिन्यात वकिलांनी पहिली टाळी वाजवली आणि मग कोणालाच ‘सहज उभे’ राहता आलं नाही.

दुसऱ्या सकाळी काका स्वतः घड्याळ बसवायला खाली उतरले. मग दुकानातल्या जुन्या गजरांच्या घड्याळांपासून त्यांनी प्रत्येक वाफ्याच्या नळाला तसंच एकेक घड्याळ बनवलं. आता पाणी सुटायची वेळ झाली की बाग किणकिणते आणि दोन गल्ल्यांना जाग येते. पिशव्या भरायचं कामही त्यांच्याकडे आलं. सगळ्या हाताने तोलून अगदी सारख्या. माझी तेवढी जराशी हलकी असते असा मला संशय आहे. आणि मजुरीचा पालक खाऊन काकू आधी पलंगावर बसल्या, मग खिडकीत आल्या, आणि काल कठडा धरत, कोणाचाही हात न घेता, तीन मजले उतरल्या. आम्ही सगळे खाली जिन्याच्या तोंडाशी जमलेलो. त्यांचं पाऊल शेवटच्या पायरीवरून मातीत पडलं, तेव्हा बाईंनी घसा फोडून घंटा दिली, “टिंग टिंग! जाऊ द्या पुढे!” काकू थेट पालकाच्या सीटवर गेल्या, एक पान खुडलं आणि न धुताच तोंडात टाकलं.

मला राहवलं नाही. हातातला पाइप वाफ्यात टाकून मी बाईंच्या शेजारी जाऊन बसलो. “बाई, खरं सांगा, मी ते घड्याळ मोडलं नसतं तर आज काकू इथे दिसल्या असत्या का? म्हणजे बघा, बागेच्या दारावर माझ्या नावाची एखादी लहानशी पाटी…”

बाईंनी मानसुद्धा वर केली नाही.

“आधी नळ बंद कर, पालक परत पोहायला लागलाय.”