बुडवून ठेवलेली होडी

जालना जिल्ह्यातला होडी करणारा सुतार, असं म्हटलं की बाहेरची माणसं हसतात. "तुमच्याकडं तर पाण्याचे टँकर येतात ना?" येतात. आणि त्याच जिल्ह्यात दुधना नदीवरच्या धरणाचं पाणी आमच्या गावाच्या पायथ्याशी येऊन बसलंय, आणि माझं शेत त्या पाण्याच्या पलीकडं आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मी होडी वल्हवत शेतात जाते, आणि मला हे ज्यांनी शिकवलं त्यांच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं मी ऐकून घेत नाही.

सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. ते मूळचे बैलगाड्या करणारे. ट्रॅक्टर आले, गाड्या गोठ्यामागं सडायला लागल्या, आणि पाठोपाठ धरणाचं पाणी आलं. जुनं गाव बुडालं, त्यात मामांचं कामाचं छप्परही गेलं. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. मामांनी चाकांसाठी जपून ठेवलेली बाभळीची लाकडं काढली आणि होडी करायला घेतली. होडी त्यांनी तोवर जवळून पाहिलेलीसुद्धा नव्हती. पहिली बुडाली, दुसरी जागच्या जागी गोल फिरत राहिली, हे ते स्वतःच छाती फुगवून सांगायचे. तिसरी चालली. फळ्यांच्या फटींत ते तेलात भिजवलेला कापूस ठासायचे, आमच्याच रानातला. "समदा कापूस परतूरच्या बाजारालाच घालायचा व्हय? होडीलाबी लागतो," म्हणायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा गावातले पुरुष मोटारसायकलवर पाण्याला वळसा घालून शेतात जायचे. बायकांनी टेम्पोची वाट बघायची. टेम्पो येईपर्यंत ऊन डोक्यावर यायचं आणि खुरपायला गेलेल्या बाईचा निम्मा दिवस रस्त्यावरच जायचा. मला ते सहन होईना. मी मामांकडं गेले आणि म्हटलं, मला शिकवा. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. सुनेनं वल्हं मारायचं, लोक काय म्हणतील? मामा आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "लोकायचं रान न्हाई पलीकडं. तुमचं हाय."

शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे नुसती आरडाओरड. आधी वल्ह्याला हात लावू दिला नाही. डब्यानं होडीतलं पाणी बाहेर टाकत बसायचं. मग वल्हं मिळालं, तेव्हा माझा एक हात डोक्यावरच्या पदराकडं जायचा. मामा ओरडले, "पदर कंबरेला खोच! एका हातानं काय पोळ्या लाटून राह्यली का?" आणि वाट सांगायचे ती बुडालेल्या गावाची. "आता चिंच आली. डाव्या हाताला मारुतीचा पार. हितून सरळ घे, आमच्या छपरावरून." वरून बघावं तर नुसतं गढूळ पाणी. मी ते गाव कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यातलं घर न् घर मला पाठ झालं. पलीकडं पोचलं की शाबासकी कधी नाही. खाली उतरताना म्हणायचे, "बुडली न्हाईस. जा." मला ते फार आवडायचं. अजून कानात आहे.

पहिल्या उन्हाळ्यात मी किंचाळतच त्यांच्याकडं धावले होते. काठाजवळ होडी तळाला गेली होती, पाण्यातून तिचं नुसतं टोक दिसत होतं. मामा पोट धरून हसले. ती त्यांनीच बुडवली होती, आत दगड भरून. शेतातली कामं संपली की दरवर्षी ते तसंच करायचे. आमचं ऊन लाकडाला सोडत नाही. होडी काठावर पडली तर फळ्या सुकतात आणि फटी उघडतात. पाण्यात राहिली तर लाकूड फुगून एकमेकाला धरून राहतं. "आपल्या मुलखात होडीला बुडण्याचं भ्या न्हाई," मामा म्हणाले, "वाळण्याचं हाय."

मागच्या थंडीत मामा गेले. मला पोरकं झाल्यासारखं वाटलं, सख्खा मामा गेल्यावरही वाटलं नव्हतं तितकं. गावालाही वाटलं असणार, नाही म्हणत नाही. पण गावानं केलं काय? मी एका लग्नाला टेंभुर्णीला, माहेरी गेले होते. परत आले तर मामांची होडी ग्रामपंचायतीसमोर नव्या ओट्यावर. निळा ऑइलपेंट, काठाला पांढरी पट्टी, वर झेंडूचा हार. शेजारी मामांचा फोटो. चैत्राचं ऊन, सावली कशाचीच नाही. मी हात फिरवला तर तळाच्या दोन फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसत होता.

सरपंच मला भाऊजी लागतात. मी तशीच त्यांच्याकडं गेले.

"वहिनी, स्मारक हाय ते. मामाची आठवण राह्यली पायजे का न्हाई?"

"आठवणीत बसून मी पलीकडं जाऊ का?"

"फायबरची होडी मागवू की आपण. नवी."

"कधी?"

"बघू. मंजुरी आली की."

"पेरणी मंजुरीसाठी थांबत न्हाई, भाऊजी."

ते हसले. मला हसणं नको होतं. मामांनी आयुष्यभर जे कोरडं पडू दिलं नाही, ते ही माणसं प्रेमानं उन्हात भाजत होती, आणि वर माझीच समजूत घालत होती. घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, ट्रॅक्टरला ट्रॉली जोड. तो म्हणाला, गावाशी वाकडं घेऊ नको. मी म्हटलं, मग मंठ्याच्या बाजारात बैलजोडी बघायला जा, होडी मी बैलगाडीवर नेते. त्यानं मुकाट्यानं ट्रॅक्टर काढला.

भरदिवसा नेली. लपूनछपून न्यायला मी काय चोरी करत होते? मामांकडून शिकलेल्या आम्ही पाच जणी. हार काढून फोटोला घातला, होडी ट्रॉलीत चढवली आणि काठावर आणली. मागोमाग अर्धं गाव. पाण्यात ढकलली तशी फटींतून पाणी आत यायला लागलं. आम्ही त्यात दगड टाकत गेलो. निळा रंग पाण्याखाली गेला तेव्हा सरपंच काठावरून ओरडले, "अवो, मामाची एवढी एकच निशाणी होती, तीबी बुडवली!"

"हो, बुडवली," मी म्हटलं. "बराबर बुडवली."

खरं सांगायचं तर लाकूड पुन्हा धरेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. विचारायला मामा नव्हते. लोक येता-जाता टोमणे मारायचे. सासूबाई, ज्या माझ्या वल्ह्याला नावं ठेवायच्या, त्याच टोमणे मारणाऱ्यांना दारातून चार शब्द सुनावायच्या.

पेरणीच्या तोंडावर आम्ही दगड काढले आणि होडी वर घेतली. ऑइलपेंटचे पापुद्रे सुटले होते, खाली बाभळीचं काळं लाकूड दिसत होतं. तळाची एक फट धरली, दुसरी पाझरत होती. मी तिथं तेलातला कापूस ठासला. बियाण्याची पिशवी ठेवली. शेजारची नवी सून पाणी टाकायचा डबा घेऊन आत बसली. तिलाच मी वल्हं दिलं. पाझर होता, म्हणून पाणी उपसायला मी बसले.

"पदर खोच," मी ओरडले. "आता चिंच आली. डाव्या हाताला पार. हितून सरळ, मामांच्या छपरावरून."

ती खाली वाकून बघायला लागली. "कुठं हाय छप्पर?"

"खाली नको बघू. वल्हं मार."

तिनं मारलं. वाकडंतिकडं, दोनदा गोल फिरत, पण होडी पलीकडं लागली. ती चिखलात उतरली आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. शाबासकी मी दिली नाही.

"बुडली न्हाईस," मी म्हटलं. "जा."