पंपाला एक झाकण

परवा नेरच्या एसटीत खिडकीतून फवारणीचा उग्र वास आला आणि मी पदर नाकाला लावला. बाबांची ती फवारणी आठवली. तेव्हा मी सहावीत होते, आमच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, अळी पडली होती. बाबा औषध बाटलीच्या झाकणानं मोजत, पंपाला एक झाकण. मी मात्र नुकतीच दशांश अपूर्णांक शिकले होते. बाटलीवर लिटरला ०.५ मिली लिहिलेलं, पंप पंधरा लिटरचा, मी वहीत गुणाकार केला आणि तोऱ्यात म्हणाले, "पंच्याहत्तर मिली लागते बाबा, झाकणानं नाही होत." ते हसले. "पोरगी शिकून राह्यली, आता तिचंच आयकाव लागते." उत्तरात टिंब द्यायचं मी विसरले होते. दुपारी बाबा शेताच्या धुऱ्यावर उलट्या करत पडलेले सापडले, डोळ्यांना काही दिसेना. दवाखान्यात डॉक्टरांनी औषध किती टाकलं म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझा हात दाबला. "माह्यंच चुकलं साहेब, अंदाजानं टाकलं." ते वाचले, उजव्या डोळ्याची नजर मात्र परत आली नाही. आता मी सहावीलाच गणित शिकवते. ते जुनं झाकण एकदा शाळेत नेऊन मोजून पाहिलं. त्यात बरोबर साडेसात मिली मावतं.