आत्याबाईंचा राहून गेलेला हेल

गेल्या शनिवारी दिग्रसला आमच्या चर्चच्या हॉलमध्ये एक वर्ग होता. बायबल कसं तयार झालं आणि ते कसं वाचायचं, एवढाच विषय. मी सगळ्यात पुढे सतरंजीवर जाऊन बसले... शाळा सातवीत सुटली. तेव्हापासून हाताला लागेल ते वाचत आले, पण समजावून सांगायला कुणी समोर उभं नव्हतं.

शिकवायला यवतमाळहून एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, हे एक पुस्तक नाही, पुस्तकांनी भरलेलं कपाट आहे. कित्येक शतकं, कित्येक हात. जुना भाग बहुतेक हिब्रू भाषेत, नवा ग्रीकमध्ये. आणि त्यातलं कितीतरी लिहिलं जाण्याच्या आधी लोकांच्या तोंडी होतं. कुणीतरी म्हटलं, कुणीतरी ऐकून लक्षात ठेवलं, म्हणून उरलं.

हे मला माहीतच नव्हतं. लहानपणापासून वाटायचं, वरून सगळं एकदम छापून आलं असावं...

मग त्यांनी प्रकार सांगितले. कुठे कायदे, कुठे वंशावळी, कुठे गाणी, कुठे पत्रं. गाणं कायद्यासारखं वाचायचं नाही. यावर आमचे ऑटोवाले सॅम्युएलभाऊ मागून म्हणाले, "म्हणजे बाई, लग्नपत्रिकेतली कविता आन् जेवणाचा टाइम एकसारखा वाचाचा नाही, असंच ना?" सगळा हॉल हसला. बाई म्हणाल्या, अगदी असंच.

शेवटी त्या विलापगीतांवर आल्या. देवाला हाक मारायची, मग तक्रार करायची... का सोडलंस, किती दिवस गप्प बसणार. त्याचीसुद्धा एक ठरलेली रीत आहे म्हणे. एका उद्ध्वस्त शहरासाठी रचलेले विलाप तर मुळाक्षरांच्या क्रमाने बांधलेले आहेत. आणि एका संदेष्ट्याच्या पुस्तकात चक्क असं आहे की, रडण्यात हुशार असलेल्या बायांना बोलावणं पाठवा, त्यांना येऊन आपल्यासाठी विलाप करू द्या.

इथे मी लिहायची थांबले. पुढचं फारसं ऐकूच आलं नाही.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, माहेरच्या बोरी अरबच्या. त्यांच्या गावाकडे मयतीला बाया हेल काढून रडतात. नुसतं रडणं नाही, सुरात लांबवलेलं बोलणं असतं ते. गेलेल्या माणसाला काय आवडायचं, तो बैलाला कशी हाक मारायचा, उंबऱ्यात चप्पल कुठे काढायचा, सगळं त्यात येतं. आत्याबाईंसारखा हेल कुणाचाच नाही, असं बाया सांगायच्या.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आजूबाजूच्या गावांत मयती फार झाल्या. निरोप आला की आत्याबाई निघायच्या. कितीतरी परक्या घरांत जाऊन त्या रडल्या.

मग आमच्याच घरी वेळ आली. माझे मालक, सुधाकर, कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. आधी सीझन आटला, मग छातीच्या दुखण्याने तेही आटत गेले. ते गेले त्या सकाळी आत्याबाईंनी उशाशी बसून पहिला सूर लावला... आणि चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे पुढे आले. हात जोडून म्हणाले, "मावशी, आपल्यात असं रडत नाहीत. तो प्रभूजवळ गेला." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनाही तसंच सांगितलेलं असणार.

आत्याबाई गप्प झाल्या. त्यानंतर त्या कुणाच्याच मयतीला गेल्या नाहीत.

शनिवारी घरी आले तेव्हा त्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी चप्पल काढायच्या आधी पिशवीतून बायबल काढलं, रडणाऱ्या बायांना बोलावण्याची ती जागा शोधली आणि मोठ्याने वाचली.

"हे यात हाये?" त्यांनी विचारलं.

"हो, आत्याबाई. पहिल्यापासून आहे."

शेंग हातात तशीच राहिली. "मंग मले काहून चूप केलं व माय?"

मी शेजारी बसले. म्हटलं, आता म्हणा, मी ऐकते. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग पदर तोंडाशी धरून त्यांनी सूर लावला.

"माह्या सुधा रे... भोंगा झाला, सायकल दाराशी हाये रे... माह्या राजा रे, तुह्या डब्यातली भाकर निवून गेली रे..."

एवढंच. पुढे खोकला आला. पाणी दिलं, पाठ चोळली. खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी लय होतं व तोंडात. रात्रभर जमा झालतं. आता येत नाही."

पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. मीही सोलायला बसले.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. माझा माणूस गेला, ते मी कसंबसं सोसलं. पण त्याच्या आईने त्याच्यासाठी रचलेला विलापही गेला, हे मला आत्ता कळलं. हजारो वर्षांपूर्वीचं रडणं उरलं, कारण कुणीतरी ते ऐकून घेतलं. आमच्या घरात त्या दिवशी इतकी माणसं होती... ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

दोन ओळी मिळाल्या. आत्याबाईंना विचारूनच इथे लिहिल्या आहेत. त्या म्हणाल्या, "लिह्य. पन भाकर ज्वारीची होती, ते बी लिह्य."

ज्वारीची होती.