वीस काय?

विहिरीवरची जळालेली मोटार नव्या तारेनं भरायला घेतली की आधी आतली जुनी तार कापून काढावी लागते. कितीही झाडा, त्या तारेचे तुकडे टेबलाखाली वर्षानुवर्षं सापडतच राहतात. दुकानातल्या गोष्टींचंही तसंच. मी चाळीस वर्षं मोटारी भरल्या. आता हात थरथरतो, म्हणून वाटूर फाट्यावर हरीच्या दुकानात नुसता बसतो आणि असले तुकडे वेचतो. त्यातला एखादा बोटात घुसतो, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

हरी माझ्याच हाताखाली शिकला. आता तो मोटारी भरत नाही, डबे बनवतो. हा डबा शेतात बसवायचा आणि फोनवर वेळ लावायची. मालक कुठंही असो, पाणी वेळेवर सुटतं आणि वेळेवर बंद होतं. डब्याच्या पोटातला प्रोग्राम लिहिते प्रज्ञा. आमच्या गावच्या गुरुजींची पोरगी, इंजिनिअर. मी सातवी नापास, तेही दोनदा. म्हणून हरीनं मला तपासनीस केलं. म्हणाला, "आप्पा, जे तुमच्या हातून मोडत न्हाई, ते कोणाच्याच हातून मोडणार न्हाई."

पोरगं हुशार आहे. फक्त त्याला वेळ कळत नाही.

*

हरीला फोनवर "पाच मिनिटांत आलो" म्हणायची सवय. मी एकदा आठवडाभर घड्याळ लावून बसलो आणि कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने पाडले. एका बाजूला 'हरीची मिनिटं', दुसऱ्या बाजूला 'घड्याळाची मिनिटं'. सोमवारी पाचाची पन्नास झाली. बुधवारी पाचाची सत्तर. शेवटी हिशोब काढला, हरीचं एक मिनिट म्हणजे आपली अकरा. तो कागद भिंतीला चिकटवून दिला.

मग एक गिऱ्हाईक आलं. मालक कुठं आहेत म्हणून विचारायला लागलं. मी म्हणालो, हरी पाच मिनिटांत येतो म्हणलाय, तुम्ही घरी जाऊन जेवून या. तो गडी खरंच गेला. जेवला, अर्धा तास आडवा झाला आणि परत आला. तो आणि हरी एकाच वेळी दुकानाच्या पायरीवर चढले.

हरी छाती काढून मला म्हणतो, "बघा, बराबर टायमावर आलो का न्हाई?"

*

आता बोटात घुसणारा तुकडा.

इंदूमावशींची मिरचीच्या रोपांची नर्सरी आहे, फाट्यापासून जवळच. हिरव्या जाळीखाली ट्रे मांडलेले, वरून बारीक तुषार. उन्हाळ्यात दर तासाला वीस सेकंद तुषार सोडायचा, बस. मावशी एकट्याच. तो व्हॉल्व्ह उघडायला-लावायला दिवसभर तिथंच बसावं लागायचं. लेक शहागडला, तिचं दुसरं बाळंतपण झालेलं, सासू नाही. मावशींना बारशाला जायचं होतं आणि पुढं महिनाभर लेकीजवळ राहायचं होतं. म्हणून त्यांनी आमच्याकडून डबा घेतला. दुसरं काही कारण नव्हतं.

फोनमधला भाग हरीनं बाहेरून करून घेतला होता, डब्यातला प्रज्ञाचा. फोननं डब्याला सांगितलं, वीस. फोनच्या मनात सेकंद होते. डबा आधी मोटारींसाठी केलेला, त्याच्या मनात मिनिटं होती. दोघांनी आपापलं वीस बरोबर समजून घेतलं!

दर तासाला वीस मिनिटं तुषार चालला. मावशी बारशाहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आल्या, शेजाऱ्यानं फोन केला म्हणून. सगळ्या ट्रेंची तळी झाली होती, रोपांनी माना टाकल्या होत्या.

आम्ही तिघं गेलो. वाटलं, मावशी आता आम्हाला धुऊन काढतील. त्या ट्रेच्या कडेला बसलेल्या होत्या. प्रज्ञानं फोन दाखवून सगळं कबूल केलं, की मावशी, फोननं वीस सांगितलं, डब्यानं वीस ऐकलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"वीस काय, पोरी?"

*

ट्रे पुन्हा भरायचे होते. आम्ही तिघं दोन दिवस मावशींच्या हाताखाली बसलो. एका खळग्यात एक बी, अशी बारीक पेरणी. हरीला सांगितलं होतं की मिरचीच्या बियांचा हात डोळ्याला लावू नको. त्यानं नाही लावला. मला सांगायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुनियेला टोप्या घालणारा हा म्हातारा बादलीत तोंड घालून बसला. तेव्हा कुठं मावशी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. मी डोळा मिटूनच म्हणालो, इंदूबाई, आता दुसऱ्या डोळ्याला लावू का? पण प्रज्ञा हसली नाही. ती एकेक बी ठेवत होती आणि ओठांत काहीतरी मोजत होती.

*

तिसऱ्या दिवशी तिनं हरीच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. 'एक महिन्यानंतर काम सोडते.' मला म्हणाली, शिकवण्या घेईन, तिथं माझ्या चुकीनं कोणाची लेक एकटी पडणार नाही. हरीनं चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली.

मी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली आणि परत तिच्या हातात दिली. म्हणालो, महिना कोणता? अठ्ठावीसचा, तीसचा, का एकतीसचा? ही चिठ्ठी कच्ची आहे, बरोबर लिहून आण.

तिनं रागानं 'तीस दिवसांनी' असं लिहून आणलं. मी विचारलं, आजचा धरून का सोडून?

तिनं ती फाडली आणि महिनाअखेरची तारीख टाकून तिसरी आणली. मी म्हणालो, "हे तर 'कधी' झालं. मी 'किती' विचारून राह्यलो."

ती खुर्चीवर बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. मी दुसरीकडं बघत मोटारीचं झाकण पुसत बसलो. झाकण पुसलेलंच होतं.

"आप्पा, तुम्ही मला जाऊ देणार न्हाई."

"जाय की. पण बराबर लिहून जाय."

तिनं डोळे पुसले आणि भिंतीवरच्या माझ्या कागदाकडं बघत राहिली. हरीची मिनिटं, घड्याळाची मिनिटं. मग म्हणाली, "तुम्ही सातवी नापास, आप्पा. तरी नुसता आकडा न्हाई लिहिला. कोणाचं मिनिट ते लिहिलं. मी इंजिनिअर असून नुसतं वीस लिहिलं."

चौथी चिठ्ठी आली नाही.

*

तिनं डब्यातला आणि फोनमधला, दोन्ही प्रोग्राम मुळापासून पुन्हा लिहायला घेतले. मी विचारलं, काय करून राह्यली? तिनं समजावलं, ते माझ्या डोक्यात माझ्या पद्धतीनं शिरलं. मोटार भरताना बावीस नंबरच्या जाडीची तार असते आणि तारेचे बावीस आटे, म्हणजे वेढेही असतात. दोन्ही बावीसच. पण तार मागितली तर कोणी आटे देत नाही. ती वस्तूच वेगळी. तशी तिनं प्रोग्रामात वेळ ही एक वस्तूच करून टाकली. नुसता आकडा वेळेच्या जागी बसवायला गेलं की कॉम्प्युटर लिहितानाच अडून बसतो. डब्यापर्यंत जाऊच देत नाही. आणि एक मिनिट आणि वीस सेकंद मिळवले तर खुळ्यासारखा एकवीस म्हणत नाही, आपला आपण ऐंशी सेकंद करतो.

शिवाय तिनं 'कधी' आणि 'किती' यांच्या दोन वेगळ्या जाती केल्या. हे हरीला माहीत नव्हतं. एक दिवस ती जेवायला गेलेली असताना त्यानं घाईनं प्रोग्रामात हात घातला. त्याला मोटार सहा वाजल्यापासून आठ वाजेपर्यंत चालवायची होती. त्यानं सहा वाजता आणि आठ वाजता यांची चक्क बेरीज मारली. पडद्यावर लाल रेघ. पुन्हा मारली, पुन्हा लाल.

प्रज्ञा आल्यावर तक्रार केली, की तुझा कॉम्प्युटर मालकाचं ऐकत नाही. तिनं शांतपणे विचारलं, सहा वाजता आणि आठ वाजता मिळून किती होतात?

हरी बोटं मोजायला लागला. मी म्हणालो, "चौदा वाजता. म्हणूनच हा रोज दोनला येऊन राह्यला!"

*

मग मला खाज सुटली. मी तिला म्हणालो, आमच्या काळी वेळ बिडीत मोजायचे. मळ्यातून गाव दोन बिड्या. तुझ्या प्रोग्रामात सेकंद आहे, मिनिट आहे, बिडी का नाही? वाटलं, पोरगी चिडेल. ती म्हणाली, टाकते, पण एक बिडी म्हणजे किती सेकंद ते नीट मोजून आणा.

मी दुकानामागं जाऊन मोजमाप सुरू केलं. विज्ञानाचं काम होतं. डॉक्टरांनी बिडी बंद करून वर्ष झालं होतं आणि माझ्या बायकोचा, सुमनचा, त्यावर पूर्ण विश्वास होता.

एक दिवस सुमन माझा जेवणाचा डबा घेऊन आली. प्रज्ञानं कौतुकानं तिच्यासमोर फोन धरला. काकू बघा, आप्पांच्या बिडीचं माप! सुमनला वाचता येत नाही, पण मोजता येतं. तिनं ओळींवरून बोट फिरवलं. नऊ ओळी. विचारलं, एका बिडीच्या नऊ, का एकेकीची एक?

प्रज्ञा बिचारी सरळ. म्हणाली, एकेकीची एक.

सुमननं डबा उचलला आणि घरी निघाली. त्या दिवशी मी किती वेळ उपाशी होतो, ते प्रज्ञानं सेकंदांत लिहून ठेवलंय. बिडी मात्र गेली. प्रोग्रामातून प्रज्ञानं काढली, खिशातून सुमननं.

*

नवा डबा घेऊन मावशींकडं गेलो, तेव्हा रोपं दोन पानांवर आली होती. मावशी जाळीत खुर्ची टाकून व्हॉल्व्हजवळ बसल्या होत्या. बारशाहून परतल्यापासून त्यांनी एक दिवस ती जागा सोडली नव्हती. लेक फोनवर नात दाखवायची आणि मावशी म्हणायच्या, "येते गं, रोपं निघू दे." नात सव्वा महिन्याची होत आली होती.

प्रज्ञानं डबा जोडला, पण फोनवर वेळ लावायला तिचा हात उचलेना. मावशींनी तिच्याकडं बघितलं, तिच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच आकडे दाबले. दोन, शून्य. मग खालचं हिरवं बटण.

फोननं वीस घेतलं नाही. पडद्यावर मोठी लाल अक्षरं आली. ही करामत प्रज्ञानं कधी करून ठेवली, मलाही ठाऊक नव्हतं. मावशींनी अक्षरांखाली बोट धरून हळूहळू वाचलं,

"वीस काय?"

त्यांनी मान वर करून प्रज्ञाकडं बघितलं. प्रज्ञा जमिनीकडं बघत होती. मावशींनी पुन्हा फोनकडं बघितलं आणि लेकीशी बोलावं तसं त्याला म्हणाल्या, "सेकंद, माय. सेकंद." आणि सेकंदावर बोट टेकवलं.

तुषार सुटला. मावशी बोटांच्या पेरांवर मोजत उभ्या होत्या. विसाव्या पेराला तुषार थांबला. पुढच्या तासाला त्यांनी पुन्हा मोजलं. त्याच्या पुढच्या तासालाही. आम्ही तिघं ट्रेच्या कडेला बसून होतो. चौथ्या तासाला तुषार सुटला तेव्हा त्यांनी मोजलं नाही. खुर्चीची घडी घालून भिंतीला लावली आणि मला विचारलं, "आप्पा, जालन्याची गाडी कधीये? तिथून शहागडची धरते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फाट्यावर. हरी पाच मिनिटांत येतो म्हणला होता, म्हणून मी आणि प्रज्ञाच. मावशींच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. गाडीत चढताना त्यांनी जाळीची किल्ली प्रज्ञाच्या हातात दिली. प्रज्ञा खिडकीखाली धावली आणि विचारलं, "मावशी, किती राहणार?"

मावशी खिडकीत बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "दोन."

"दोन काय, मावशी?"

गाडी हलली. मावशींनी खिडकीतून हात बाहेर काढला, दोन बोटं वर केली आणि हसत राहिल्या. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती दोन बोटं दिसत होती.

मग हरी आला. त्याच्या मानानं लवकरच आला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "गेल्या का मावशी? किती दिवसांसाठी?"

प्रज्ञानं ती किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली, गाठ ओढून पक्की केली आणि म्हणाली,

"दोन."